आक्षेप प्रलंबित

हिशेब तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरी बसू देऊ नये, असा एक जीआर सरकारने काढायला हवा. मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत लेखापरीक्षणाचं काम केलं. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत दौरे केले, विश्रामगृहांतलं पाणीदार वरण खाल्लं आणि दुसऱ्यांनी केलेल्या खर्चावर 'समर्थन आढळून येत नाही' असे शेरे मारले. अर्धा महिना मी बाहेरगावी असायचो. संसार उत्तम चालला होता. त्याचं श्रेय मी माझ्या स्वभावाला देत असे. बायको ते दौऱ्यांना देत होती, हे पुढे कळलं. निरोप समारंभात तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ती 'आता हे घरी असतील' एवढंच म्हणाली आणि खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाक्याचा सूर कोणी ऐकलाच नाही.

घरी आल्यावर तपासायला कचेरी उरली नाही, म्हणून मी स्वयंपाकघर घेतलं. दहा रुपयांचा सांबार आणला तर त्यातला निम्मा फ्रीजमध्ये काळा पडतो, याची नोंद घेतली. (आमचा जावई पुण्याचा आहे, त्याच्यासाठी सांगतो: नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्या दिवाळसणाला सांबारवडी म्हटल्यावर तो इडली शोधत होता.) तूरडाळ तीन डब्यांत का, चहाच्या गाळण्या दोन कशाला, सिलिंडर गेल्या खेपेपेक्षा आधी कसं संपलं, हे सगळे प्रश्न मी अत्यंत सौम्य आवाजात विचारत असे. सौम्य आवाजातला प्रश्न समोरच्याला जास्त झोंबतो, हे नोकरीतच शिकलो होतो. तिथे त्याचा फायदा व्हायचा.

मग उन्हाळा आला. नागपुरातल्या लग्नाची परीक्षा बोहल्यावर होत नाही, कूलरसमोर होते. पारा 45 च्या पुढे गेला की टाकी कोणी भरायची, पाइप कोणी गुंडाळायचा, खस या वर्षी बदलायची की गेल्या वर्षीचीच झटकून लावायची, हे प्रश्न राष्ट्रीय महत्त्वाचे होतात. तिचे गुडघे कूलरच्या दमट हवेने दुखतात. मला पंप बंद केला की झोप येत नाही. रात्री दोनला टाकी कोरडी पडते आणि पंप घरघरायला लागतो, तेव्हा आम्ही दोघंही जागे असतो, दुसरा जागा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडून असतो. आधी उठेल तो हरला. ज्या रात्री पंप जळाला, त्या रात्री कोणीच हरलं नव्हतं.

भांडणं वाढली की काळजी करावी, असं लोक समजतात. आमची तर थांबली. पावसाळ्यापर्यंत घरात इतकी शांतता झाली की शेजारच्यांनी कौतुक केलं. 'जेवायला वाढलंय' हे ती ताटाकडे पाहून सांगायची, 'येतो जाऊन' हे मी दाराच्या कडीला सांगायचो. बाकीचा पत्रव्यवहार कामवाल्या बाईमार्फत चाले. एकदा मी तिला म्हटलं, "काकूंना सांग, मी बँकेत चाललो." ती हातातला झाडू तसाच धरून म्हणाली, "काका, काकू इथंच तर बसल्या हायेत. तुमीच सांगा नं." तिच्या बोलण्यात मला उद्धटपणा दिसला. दुसरं काही दिसायला अजून अवकाश होता.

मुलगी पुण्याहून आम्हा दोघांना वेगवेगळे फोन करायची. फेब्रुवारीत एकदा मी तिला म्हटलं, "आईला सांग, गुरुवारी नळ येणार नाही." ती क्षणभर गप्प झाली. "बाबा, मी साडेसातशे किलोमीटरवरून आईला सांगू की बाजूच्या खोलीत गुरुवारी नळ येणार नाही?" मग म्हणाली, "तुम्ही दोघं कोणाला तरी भेटा. काउन्सेलरला."

आता, जुन्या नागपूरकराला मनाच्या इलाजाचा एकच पत्ता ठाऊक असतो: पागलखाना चौक. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचं. शहरात जी काही जुनी, सरकारी आणि भक्कम बांधकामं आहेत त्यांतलं ते एक. पण चौकाला जे नाव पडलं ते पडलं. ऑटोवाला आजही ते खणखणीत आवाजात घेतो आणि मागे बसलेला माणूस उगाचच स्वतःकडे पाहतो. मी मुलीला म्हटलं, "आम्हाला काही झालेलं नाही. साधे नवरा-बायको आहोत." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

अंबाझरी तलावावर सकाळी आमचा फिरणाऱ्यांचा कंपू जमतो. तिथे विषय काढला तर एकजात सगळे म्हणाले, "अबे, भांड्याला भांडं लागतंच. त्यात काय एवढं?" एकटे नाझर काही बोलले नाहीत. हे गृहस्थ न्यायालयात नाझर म्हणून निवृत्त झाले, शेवटची वर्षं कुटुंब न्यायालयात काढली. परतताना ते माझ्या बाजूने चालू लागले.

"भांड्याला भांडं लागतंच," ते म्हणाले, "पण आमच्याकडे लोक भांडी विकायला काढल्यावर येत होते, भाऊ."

मग त्यांनी तलाव संपेपर्यंत मला कायदा सांगितला. कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 चा. दावा आला की न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा, हे त्यातच लिहिलेलं आहे. म्हणून तिथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात, आणि वकील उभा करणं हा तिथे हक्क नाही, न्यायालय परवानगी देईल तेव्हाच. संमतीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात 1976 साली आला, त्यालाही आधी वर्षभर वेगळं राहायचं आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं. हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. "पण ते ठेवले कशाला होते?" नाझर म्हणाले. "बोलायला. आणि लोक येत होते ते बोलणं विसरून. समुपदेशक बाई समोर बसवायच्या तर नवरा पंख्याकडे पाहून राहिला, बायको फायलीकडे. दोन वर्षं आधी आले असते तर चहावर काम झालं असतं."

"मग आधी कुठे जायचं? पोलिसांत?"

"सुभाषनगरला पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथेही समुपदेशन करतात. पण तिथली पायरी चढणारी बाई बहुतेक वेळा जीव मुठीत धरून आलेली असते. तुमच्याकडे तसं काही आहे का?"

"माझ्या जिवाला तसा धोका नाही."

"मी वहिनींचं विचारून राहिलो."

मी चपापलो, आणि चपापण्याचा रागही आला. तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "शेवटची आनंदाची बातमी तुम्ही पहिली कोणाला सांगितली?"

मी आठवलं. पेन्शनची थकबाकी जमा झाल्याची बातमी. ती मी त्यांनाच सांगितली होती, याच वळणावर. बायकोला ती पासबुकात छापून आल्यावर कळली.

"बस्स," नाझर म्हणाले, आणि लाफ्टर क्लबच्या लोकांत मिसळून गेले.

इथे एखादा शहाणा माणूस सरळ घरी जाऊन बायकोशी बोलला असता. मी लेखापरीक्षक. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढणं हा माझ्या प्रशिक्षणाचा अपमान होता. आम्हाला समुपदेशनाची गरज आहे की नाही, हे आधी तपासून ठरवायचं, असं मी ठरवलं. बायकोला न सांगता, अर्थात. ज्याची तपासणी करायची त्याला पूर्वसूचना देत नाहीत.

मानसशास्त्रात एम.ए. करणारी एक भाची आहे. तिच्याकडून साहित्य मागवलं. तिने मला सिएटलच्या जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाचं काम समजावून सांगितलं. 1980 च्या दशकापासून या माणसाने जोडप्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवलं, अंगाला तारा जोडल्या, कॅमेरे लावले आणि सांगितलं, आता तुमच्या नेहमीच्या विषयावर बोला. म्हणजे भांडा. मग चित्रीकरण पाहून क्षणाक्षणाचे हावभाव टिपले. इतकं सखोल लेखापरीक्षण मी जिल्हा परिषदेचंही केलेलं नाही. त्याला चार घातक गोष्टी सापडल्या. पहिली टीका: 'टाकी भरली नाही' ही तक्रार झाली, 'तू आहेसच निष्काळजी' ही टीका. दुसरी तुच्छता, म्हणजे डोळे फिरवणं, नक्कल करणं, 'तुला काय कळतं' हा सूर. लग्न मोडण्याची सगळ्यात पक्की खूण हीच. तिसरी, कशालाही उत्तर म्हणून स्वतःचा बचाव. चौथी, भिंत होणं: समोरचा बोलतोय आणि आपण पेपर वर धरून बसलोय.

चारही मला घरात तत्काळ आढळल्या. पेपरचं वगळता त्या सगळ्या बायकोच्या नावावर टाकता येतील, असं माझं प्राथमिक मत होतं.

एका निष्कर्षाने मात्र फार धीर आला. जोडप्यांमधले दोन तृतीयांशांहून जास्त वाद कधीच मिटत नाहीत, असं गॉटमनला आढळलं. सुखात असलेल्या जोडप्यांचेही नाहीत. ती माणसं त्याच त्याच वादाबरोबर बऱ्यापैकी हसत-खेळत राहतात. म्हणजे कूलर हा कायमस्वरूपी प्रलंबित आक्षेप होता आणि त्याला माझी काही हरकत नव्हती. अडचण हसण्या-खेळण्याची होती.

मी एक वही सुरू केली. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची, सीताबर्डीवरून आणलेली. रकाने आखले: दिनांक, विषय, आक्षेपाचं स्वरूप, माझं म्हणणं, तिचं म्हणणं, शेरा. रोज रात्री भरायची. त्यात सांबार आला, खस आली, मोलकरणीचे खाडे आले, तिच्या भावाने वास्तुशांतीला मला नारळ न देता नुसतं हातरुमालावर भागवलं ते आलं. मार्चमध्ये एक गंभीर नोंद आहे: मुलीची जुनी स्कूटी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते, तिच्यातलं पेट्रोल कमी होत असल्याचं आढळलं. चोरीचा संशय. चौकीदाराची चौकशी केली, वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे रोखून पाहिलं, टाकीच्या झाकणाला पारदर्शक चिकटपट्टी लावून सापळा रचला. हे सगळं बायकोला जेवताना सांगितलं तेव्हा ती पोळी मोडत राहिली. 'प्रतिसाद नाही,' असं मी शेऱ्यात लिहिलं.

भाचीने आणखी एक सांगितलं होतं. भांडताना नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं ऐकूच येत नाही. तेव्हा थांबावं, निदान वीस मिनिटं, आणि त्या वेळात पुढचे टोमणे रचू नयेत. करोनाच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होताच. भांडणात पुरावा हाताशी असावा म्हणून तो मी खिशात ठेवायला लागलो. पुढची ठिणगी पडली ती गॅसच्या शेगडीवर उतू गेलेल्या दुधावरून. ती म्हणाली, "दोन मिनिटं पाहा म्हटलं होतं नं?" मी उत्तर देण्याआधी हात वर करून तिला थांबवलं, खिशातून यंत्र काढून बोटाला लावलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहू लागलो. दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आलं. आकडा 88. "मी ऐकण्याच्या स्थितीत आहे," मी म्हटलं, "बोल." तिने शांतपणे ते यंत्र माझ्या बोटाचं काढून स्वतःच्या बोटाला लावलं आणि माझ्यासमोर धरलं. 112. मग ती गच्चीवर निघून गेली. वीस मिनिटांनी खाली येईल, असं मी धरून चाललो होतो. ती वाळवणाचं आवरून संध्याकाळी आली.

मग आलं कौतुकाचं प्रकरण. गॉटमनच्या मोजणीत टिकलेल्या जोडप्यांमध्ये वादाच्या वेळीसुद्धा एका कडू क्षणामागे पाच गोड क्षण सापडले होते. भाचीने बजावलं होतं, "मामा, हे निरीक्षण आहे, कोटा नाही." पण उद्दिष्ट आकड्यात दिसलं की सरकारी माणसाला राहवत नाही. मी रोजचे कडू क्षण मोजून त्यांची पाचपट कौतुकं करू लागलो. मार्चएंडची सवय होतीच; सकाळी दुर्लक्ष करायचं आणि रात्री उद्दिष्ट पूर्ण करायचं. "पोळी काय गोल झालीय!" मी म्हणायचो. "पोळी गोलच असते," ती म्हणायची. "कुकरच्या शिट्ट्या तुझ्या अगदी वेळेवर होतात." ती कुकरकडे पाहायची. "टॉवेलची घडी अशी कोणाची बसत नाही." ती टॉवेल उलगडून पाहायची, आत काही लपवलंय का.

एका रात्री दिवा मालवला तेव्हा बरीच बाकी उरली होती. अंधारातच मी भरणा सुरू केला. "तुझा आवाज छान आहे. तुझी ती निळी साडी छान आहे. तुझं माहेर छान आहे."

दिवा लागला. ती उठून बसली होती. तिचं माहेर अकोल्याचं, आणि त्याबद्दल चांगला शब्द माझ्या तोंडून लग्नापासून निघालेला नव्हता. "खरं सांगा," ती म्हणाली, "किती पैसे बुडाले?"

देवलांचं 'संशयकल्लोळ' 1916 साली रंगभूमीवर आलं. त्यातले फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांना सरळ एक प्रश्न विचारत नाहीत, म्हणून सगळे अंक एकमेकांवर पाळत ठेवत हिंडतात. पहिल्याच प्रवेशात एखादी समुपदेशक बाई आली असती तर नाटक तिथेच आटोपलं असतं आणि मराठी रंगभूमीचं मोठं नुकसान झालं असतं. आमच्याकडे नुकसान व्हावं असं काही नव्हतं, तरीही आम्ही दोघांनी पाळतच पत्करली. ती माझी औषधं मोजू लागली, फोनवर मुलीशी हळू आवाजात बोलू लागली. मी वहीत लिहिलं: 'गुप्त हालचाली.'

शेवटी मी मुलीकडून समुपदेशक बाईंचा नंबर घेतला. वेळ ठरवली आणि बायकोला सांगितलं, "जरा बीपी दाखवून येऊ, चल सोबत." ती इतक्या तत्परतेने तयार झाली की मला माझ्या चातुर्याचं कौतुक वाटलं.

रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्यांची एवढी दाटी आहे की कोण कशासाठी आलंय हे कोणाला कळू नये. तरी मी गाडीवरून उतरेपर्यंत हेल्मेटची काच खाली ठेवली. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं, वाचकांच्या अगदी खासगी प्रश्नांना मासिकात छापून उत्तरं दिली, त्यापायी खटले अंगावर घेतले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्या काळात लोक पत्रं लिहून विचारत होते. आणि मी जिना चढताना वरून ओळखीचं कोणी उतरत नाही ना, हे वाकून पाहत होतो.

वर स्वागताला बसलेल्या मुलीने समोरची नोंदवही पाहिली. मग आमच्याकडे पाहिलं. मग परत वही. "काका, या आडनावाच्या दोन अपॉइंटमेंट आहेत. दोन्ही साडेपाचच्या. आणि दोन्ही," तिने ओठ दाबून धरले, "पेशंटच्या नातेवाइकाने घेतल्यात."

मुलीने एकच नंबर दोघांना दिला होता. बायकोने तो माझं डोकं तपासायला घेतला होता. 'हे अचानक गोड बोलायला लागलेत, बोटाला मशीन लावून भांडतात' अशी लक्षणंही तिने फोनवर नोंदवली होती. एवढं होऊनही आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता बाकावर शेजारी बसलो आणि भिंतीवरचा टेली-मानस हेल्पलाइनचा फलक वाचत राहिलो. 14416, चोवीस तास, मराठीतही. मी मनात म्हटलं, नळाचा निरोप द्यायला मुलीऐवजी हा नंबर बरा पडला असता.

समुपदेशक बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी दोघांना एकेकटं बोलावलं. ती आत गेली, मी बाहेर. आतलं ऐकू येत नव्हतं. आणि मग एकदम तिचं हसणं ऐकू आलं. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं. ते हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच वही उघडून वेळ टिपली.

नंतर कळलं, बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला यांची भीती वाटते का?"

माझ्या पुरुषार्थाचं जे व्हायचं ते झालं, पण तो प्रश्न गमतीचा नाही. म्हणूनच तो दुसऱ्याच्या माघारी विचारतात. ज्या घरात हात उठतो, पैसे अडवून धरले जातात, फोन तपासला जातो, घरी गेल्यावर काय होईल या धास्तीने एक जण तोंडच उघडत नाही, तिथे दोघांना एका कोचावर बसवून 'तुम्ही दोघांनी थोडं थोडं जुळवून घ्या' म्हणणं हे पाप आहे. तिथे आधी सुटका हवी. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, 181 हा महिलांचा नंबर आहे. आपल्याकडे अशा बाईला 'समजुतीने घे' म्हणून परत पाठवणाऱ्या मध्यस्थांची कधीच टंचाई नव्हती. मीही नात्यातल्या एका प्रकरणात अशा बैठकीत सतरंजीवर बसून मान डोलावली आहे. ते आता आठवतं, आणि बाहेरच्या बाकावर मला बसवत नाही.

मग दोघांना एकत्र बसवलं. बाईंनी खेळ दिला: तिने तीन मिनिटं बोलायचं, मी नुसतं ऐकायचं आणि मग तिचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगायचं. सोपं वाटलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या उत्तरांचे गोषवारे काढले होते. ती बोलली. मी घसा साफ केला.

"तिचं म्हणणं असं की मी घरी आल्यापासून तिला घरात मोकळं वाटत नाही. तथापि..."

"तथापि नको, काका."

"बरं. तिला मोकळं वाटत नाही. परंतु..."

"तेही नको."

'तथापि' आणि 'परंतु' काढून टाकल्यावर माझ्याकडे वाक्य उरेना. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो. बायको माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत तुच्छता नव्हती. इंजिन सुरू न होणाऱ्या गाडीकडे रस्त्यावरची माणसं बघतात तशी ती उत्सुकतेने बघत होती. माझी नाडी शंभरच्या वर असणार. यंत्र मी घरी विसरलो होतो.

बचावाला मी पिशवीतून वही काढली. "माझ्याकडे लेखी आहे सगळं," मी म्हटलं. बाईंनी पानं चाळली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी वही फिरवून आमच्यासमोर ठेवली आणि एका रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट नेलं. 'तिचं म्हणणं.' पहिल्या पानावर, सुवाच्य अक्षरात: निरंक. दुसऱ्या पानावर: निरंक. पुढे तर मी नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केल्या होत्या, वरीलप्रमाणे.

"निरंक?" बायको म्हणाली.

"तू काही म्हणालीच नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं होतं?"

याला 'तथापि' लावूनही उत्तर देता येत नव्हतं.

आम्ही अजून जातो. मी कूलरबद्दल निवाडा मागितला, तो बाईंनी दिला नाही. तुमच्यासारखे लोक उशिरा येतात, एवढं मात्र सांगितलं. निवृत्ती, मुलं घराबाहेर पडणं, आजारपण, घरातलं कोणी जाणं, अशा वळणांवर नुसतं डोकावून गेलं तरी चालतं म्हणे. तेच भांडण त्याच संवादांसह परत परत व्हायला लागलं, एकाच्या बाहेर जाण्याने दुसऱ्याला हायसं वाटायला लागलं, की यावंच. मी नाझरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनींना सांगितलं का आधी?" मी घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मी तिथेच बसून होते."

वही तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. दुपारी चष्मा लावून बसते आणि मागच्या तारखांचा तो रकाना लाल शाईने भरते. भरून झालं की पानं मला वाचायला मिळतात. त्यावर बोलायचं असेल तर वाचल्यावर, आणि तथापि न लावता. नारळाच्या नोंदीसमोर तिने लिहिलंय की नारळ दिला होता, तो मीच गाडीच्या डिकीत विसरलो आणि तो तिथे सडला. सांबाराच्या नोंदीसमोर तिच्या आईच्या हातच्या सांबारवड्यांबद्दल अर्धं पान आहे.

काल मार्चची पानं आली. पेट्रोलचोरीच्या नोंदीसमोर लाल अक्षरात: 'तुम्ही अंबाझरीला गेले की मी खालची स्कूटी शिकत होते. वरच्या मजल्यावरचा मुलगा मागे बसून शिकवत होता, त्याच्याकडे तुम्ही उगाच डोळे वटारले. त्या दिवशी पहिल्यांदा एकटी शंकरनगर चौकापर्यंत जाऊन आले. सांगायला वर आले तर तुम्ही टाकीला चिकटपट्टी लावायला खाली गेले होते.'

मी पेन उघडलं. शेऱ्याचा रकाना तिने पट्टीने रेघ मारून बंद केलेला आहे. वरून आवाज आला, "वही संपत आली बरं का. बर्डीवर जाल तेव्हा दोनशे पानी आणा." मग जरा थांबून, "नाही तर राहू द्या, मीच जाते."